वर्षानुवर्षे चालणाऱ्या मालिकेत पात्र बदलते तेव्हा नेमके काय बदलते?

तुमच्या प्रश्नाचा आशय असा आहे की, गेली चार वर्षे तुम्ही पाहत असलेल्या दैनंदिन मालिकेत सुरुवातीला कारस्थाने करणारी मोठी जाऊ आता साऱ्या घराचा आधार झाली आहे, आणि पहिल्या वर्षी कोणाचेही ऐकून न घेणारी नायिका हल्ली प्रत्येक आरोपासमोर मान खाली घालून उभी राहते. हे सगळे लेखकांनी आधीपासून ठरवलेले असते की प्रेक्षकसंख्येचे आकडे पाहून पात्रे वळवली जातात, आणि अशा बदलाला पात्राचा विकास म्हणता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. मी अनेक वर्षे मालिकांसाठी कथाविस्तार आणि पटकथा लिहिते आहे, आणि मला तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. आधी ठरवलेला बदल खरा आणि वाटेत सुचलेला बदल खोटा, असा हिशेब या कामात चालत नाही. पहिल्या दिवसापासून ठरलेले वळणही पात्रावर लादल्यासारखे दिसू शकते, तर वाहिनीच्या एका सूचनेमुळे सुरू झालेला बदल पुढे त्या पात्राचा सगळ्यात सच्चा भाग ठरू शकतो. पाहायचे ते हे, की नवे वागणे त्या पात्राच्या जुन्या वागण्यातून उगवले आहे की कथानकाची गरज म्हणून त्याच्या अंगावर चढवले आहे.

अर्थात मालिका कोणत्या जातीची आहे यावर पुष्कळ काही अवलंबून असते. ठरावीक मुदतीत संपणाऱ्या मालिकेत शेवट माहीत असतो, म्हणून पुढे अर्थ लागतील अशा खुणा लेखकाला पहिल्या भागापासून पेरता येतात. ‘तुला पाहते रे’ ही मालिका 2018 मध्ये सुरू झाली आणि 2019 मध्ये संपली. तिच्यातला विक्रांत सरंजामे आधी समंजस, प्रौढ प्रियकर म्हणून समोर आला आणि पुढे तोच आपल्या पहिल्या पत्नीच्या मृत्यूला जबाबदार असल्याचे उघड झाले. विक्रांत मुळात होता तसाच होता. प्रेक्षकाला त्याच्याविषयी असलेली माहिती बदलली. वर्षभराच्या मालिकेला असे वळण पेलते. शेवटाची तारीखच ठरलेली नसलेल्या मालिकेत मात्र हे वळण घेऊन झाल्यावरही ते पात्र दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या वर्षी पुन्हा पडद्यावर यायचे असते, आणि लेखकाची खरी परीक्षा तिथून पुढे सुरू होते. तुमचा प्रश्न या दुसऱ्या जातीच्या मालिकेविषयी आहे, म्हणून पुढचे सगळे तिला धरून लिहिते.

आठवड्याला 6 भाग धरले तर वर्षाला साधारण 300 भाग होतात आणि जाहिराती वगळता एक भाग 22 मिनिटांच्या आसपास भरतो. म्हणजे वर्षाला सुमारे 110 तासांचे कथानक लागते. चित्रपटात दोन-अडीच तासांत भित्रा माणूस धीट होतो आणि गोष्ट संपते. तोच प्रवास 110 तासांवर ताणला तर तो दिसेनासाच होतो. त्यामुळे आम्ही ज्याला पात्राचा ग्राफ, म्हणजे त्याच्या बदलाचा आलेख, म्हणतो तो दीर्घ मालिकेत एका सलग रेषेत जात नाही. काही आठवड्यांचे, काही महिन्यांचे ट्रॅक, म्हणजे कथानकाचे छोटे टप्पे, असतात. त्यांत पात्र थोडे पुढे सरकते, थोडे मागे येते, आणि पुष्कळदा फिरून जागेवर येते. त्यात कथाविस्तार एकाचा, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे अशी कामाची वाटणी असते. मालिका लांबली की ही माणसेही बदलतात. पात्राने दोन वर्षांपूर्वी कोणाला काय सुनावले होते हे मग लेखकांच्या आधी प्रेक्षकाला आठवते. तुम्हाला जी विसंगती खुपते आहे, तिचा बराचसा भाग एवढ्या साध्या कारणातून आलेला असू शकतो.

यावर उपाय म्हणून मालिकेचे बायबल, म्हणजे पात्रांची आणि कथेची मूळ माहिती असलेला दस्तऐवज, लिहून ठेवतात. त्यात नवे लेखक सहसा विशेषणे लिहितात: मानी, तापट, मायाळू, हिशेबी. सहा महिन्यांत या विशेषणांचा रस संपतो, कारण तापट माणूस तापल्याचे प्रसंग किती लिहिणार? मी प्रत्येक मुख्य पात्रासाठी दोनच गोष्टी लिहून घेते. या माणसाला इतरांकडून असे काय हवे आहे जे तो तोंडाने मागू शकत नाही, आणि आपल्याविषयी कोणती गोष्ट कोणालाही कळू नये असे त्याला वाटते. वागणे कितीही बदलले तरी ही गरज आणि ही भीती सहजासहजी बदलत नाही. ‘कोरोनेशन स्ट्रीट’ ही ब्रिटिश मालिका 9 डिसेंबर 1960 रोजी सुरू झाली. तिच्या पहिल्याच भागातला केन बार्लो हा विद्यापीठात शिकणारा तरुण आहे आणि घरच्यांच्या कामगारवर्गीय राहणीचा त्याला संकोच वाटतो. विल्यम रोच यांनी ही एकच भूमिका सहा दशकांहून अधिक काळ केली. या काळात केनची लग्ने झाली, संसार मोडले, मुले वाढली, तो स्वतः म्हातारा झाला. तरीही शिक्षणामुळे ज्या गल्लीपासून मनाने थोडा लांब गेला त्याच गल्लीत आयुष्य काढणारा माणूस, ही त्याची मूळ अडचण मला शेवटपर्यंत ओळखू येते, आणि तिच्यामुळेच तो इतकी वर्षे एकच माणूस वाटतो.

ही गोष्ट प्रत्यक्ष लिहिताना कशी उपयोगी पडते ते एका उदाहरणाने सांगते. मी लिहीत असलेल्या एका मालिकेत कुटुंबाच्या व्यवसायाचे हिशेब सांभाळणारी एक आत्या होती. आपण या घराला नकोशा होऊ ही तिची भीती, आणि आपल्यावाचून कोणाचे अडावे ही तिची गरज. त्यापायी ती हिशेब मुद्दाम गुंतागुंतीचे ठेवायची, भावांमध्ये लावालाव्या करायची, म्हणजे दोघेही तिच्याकडेच यायचे. काम करणारी अभिनेत्री उत्तम होती, प्रेक्षकांना ती आवडू लागली, आणि तिला सकारात्मक करा अशी वाहिनीकडून सूचना आली. अशा वेळी हाताशी असलेला तयार उपाय म्हणजे अपघात, रुग्णालय, डोळे उघडणे, हात जोडून क्षमा आणि त्यावर एक महाएपिसोड. या उपायाला माझा विरोध असतो, कारण क्षमा मागून झाल्यावर त्या पात्राला करण्यासारखे काही उरत नाही. पुढच्या महिन्यापासून ते दृश्यात मागे उभे राहून डोळे पुसते, आणि ज्या अभिनेत्रीसाठी हा खटाटोप केला तिचेच नुकसान होते.

आम्ही आत्याची गरज तशीच ठेवली आणि ती भागवण्याचा दुसरा मार्ग तिच्या पुढ्यात ठेवला. घरात नव्याने आलेली सून हिशेब शिकायला तिच्याकडे बसते. आत्या तिला एका व्यापाऱ्याकडून येणे असलेल्या बाकीचा आकडा जाणूनबुजून चुकीचा सांगते, म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मुलीची फजिती व्हावी. रात्री आत्या वही उघडून पाहते. मुलीने तो आकडा लिहिलेला असतो, आणि समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेले असते: ‘आत्यांना विचारून मगच पक्के करणे.’ आत्या बराच वेळ त्या ओळीकडे पाहते. मग आकडा खोडते, बरोबर आकडा लिहिते आणि वही होती तशी ठेवून देते. या प्रसंगात तिला एकही संवाद दिला नव्हता आणि घरातल्या कोणालाही हे कळत नाही. कारस्थान न करताही आपल्यावाचून कोणाचे तरी अडते आहे हे तिला त्या समासातल्या ओळीत पहिल्यांदा दिसते, आणि बदलाची सुरुवात तिथे होते. त्यानंतरच्या ट्रॅकमध्ये तिने पुन्हा एक लावालावी केली, कारण जन्माची सवय एका रात्रीत सुटत नाही. धाकट्या भावाने पुढे कित्येक महिने तिच्यावर विश्वास ठेवला नाही, आणि त्याचा तो अविश्वास योग्यच आहे असे आम्ही त्याच्या बाजूने मनापासून लिहिले. बदललेल्या पात्राला घरातल्यांनी लगेच पदरात घेऊ नये. ज्यांचे नुकसान झाले त्यांची आठवण शाबूत असली तरच प्रेक्षकाचाही त्या बदलावर विश्वास बसतो.

बाहेरून येणाऱ्या कारणांमध्ये अभिनेत्याचा प्रभाव हे सगळ्यात मोठे कारण आहे, आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. अमेरिकी मालिका ‘डॅलस’ 1978 मध्ये पाच भागांची छोटी मालिका म्हणून आली तेव्हा कथेच्या मध्यभागी बॉबी आणि पॅम हे नवविवाहित जोडपे होते. अभिनेते लॅरी हॅगमन यांनी बॉबीचा कावेबाज थोरला भाऊ जे. आर. असा काही रंगवला की मालिकेचे केंद्रच त्याच्याकडे सरकले, आणि 1980 मध्ये त्याच्यावर गोळी कोणी झाडली हा प्रश्न जगभर चर्चिला गेला. खलपात्र लोकप्रिय झाले म्हणून त्याला सज्जन करणे भागच असते, या समजुतीला जे. आर. हे चांगले उत्तर आहे. प्रेक्षकांना त्याची लबाडीच पाहायची होती.

लोकप्रियतेसाठी पात्राचा भूतकाळ पुसला जातो तेव्हा मात्र मला त्रास होतो. ‘जनरल हॉस्पिटल’ या 1963 पासून चालू असलेल्या अमेरिकी मालिकेत 1979 मध्ये ल्यूक हे पात्र लॉरावर बलात्कार करते. पुढे ही जोडी इतकी लोकप्रिय झाली की 1981 मध्ये त्यांचे लग्न दाखवले गेले आणि ते सुमारे 3 कोटी लोकांनी पाहिले. मधल्या काळात त्या गुन्ह्याला प्रेमकथेचा मुलामा चढला होता. 1998 मध्ये लेखकांनी हा विषय पुन्हा उघडला: त्या दोघांच्या मुलाला, लकीला, वडिलांनी काय केले होते ते कळते आणि ल्यूकला त्याच्यासमोर उभे राहावे लागते. लेखकांनी उशिरा का होईना त्या कृत्याला त्याचे नाव परत दिले याचे महत्त्व मी मानते, तरी अशा गुन्ह्यातून प्रेमकथा उभी करूच नये हे माझे मत त्यामुळे बदलत नाही. लेखनाच्या दृष्टीने यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दीर्घ मालिकेत भूतकाळ संपलेला नसतो; वीस वर्षांपूर्वीचा प्रसंगही नव्या पिढीच्या पात्राला पहिल्यांदा कळू शकतो, आणि तेव्हा जुन्या पात्राला नव्याने उत्तर द्यावे लागते. ज्या मालिका ही संधी घेतात त्यांच्यातली पात्रे वयाबरोबर खोल होत जातात.

याच्या अगदी उलट उदाहरणही ‘डॅलस’मध्येच आहे. 1985 मध्ये बॉबीचा मृत्यू दाखवला गेला. अभिनेता परत आल्यावर 1986 मध्ये तो जिवंत दिसला आणि मधले संपूर्ण पर्व पॅमचे स्वप्न होते असे ठरले. बॉबी परत मिळाला, पण त्या वर्षात बाकीच्या पात्रांनी जे भोगले, जे ठरवले, जे गमावले, ते सारे रद्द झाले. एका पात्राच्या सोयीसाठी इतर सर्वांचा प्रवास पुसणे हा माझ्या मते सगळ्यात महागडा उपाय आहे, कारण यापुढे पडद्यावर काहीही घडले तरी ते टिकेलच अशी खात्री प्रेक्षकाला उरत नाही.

लीप, म्हणजे कथा एकदम काही वर्षे पुढे नेणे, आणि कलाकारबदल यांविषयी थोडक्यात सांगते. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मध्ये (2000 ते 2008) मिहीरची भूमिका अमर उपाध्याय, इंदर कुमार आणि रोनित रॉय अशा तिघांनी केली आणि प्रेक्षकांनी तिघांनाही मिहीर म्हणून पाहिले, त्यामुळे चेहरा बदलल्याने पात्र मोडतेच असे नाही. नव्या कलाकाराला सुरुवातीचे काही दिवस त्या पात्राचे ज्याच्याशी सगळ्यात घट्ट नाते आहे त्याच्यासोबतचे प्रसंग द्यावेत. नाते ओळखीचे वाटले की चेहरा ओळखीचा व्हायला वेळ लागत नाही. लीपचा धोका वेगळा आहे. वर्षे गाळता येतात, पण पात्र ज्या क्षणी वळले तो क्षण गाळलेल्या वर्षांत जाऊ देऊ नये. पाच वर्षांनंतर माणूस कडवट झालेला दिसतो आणि तो का झाला हे केवळ एका संवादात सांगितले जाते, तेव्हा प्रेक्षकासाठी तो नवाच माणूस असतो.

आतापर्यंत पात्राच्या आतल्या गरजेविषयी आणि बाहेरच्या दडपणांविषयी लिहिले. बदलाचे आणखी एक कारण मला फार मोलाचे वाटते, ते म्हणजे पात्राची कुटुंबातली जागा बदलणे. ‘आई कुठे काय करते’ (2019 ते 2024) या मालिकेत अरुंधतीचा गृहिणीपासून स्वतःच्या पायांवर उभ्या राहणाऱ्या बाईपर्यंतचा प्रवास सगळ्यांनी पाहिला. लेखक म्हणून माझे लक्ष संजनाकडे अधिक जात असे. ती संसार मोडणारी दुसरी बाई म्हणून येते. अरुंधतीच्या घटस्फोटानंतर अनिरुद्धशी लग्न करून ती त्याच घरात सून म्हणून राहू लागते, आणि ज्या नवऱ्याच्या वागण्याने अरुंधती घुसमटली त्याच नवऱ्याचे तेच वागणे आता तिच्या वाट्याला येते. संजनाची महत्त्वाकांक्षा आणि तिचा फटकळपणा गेलेला नसतो. जागा बदलल्यामुळे त्याच स्वभावाकडे आपण वेगळ्या नजरेने पाहू लागतो. तुमच्या मालिकेतली मोठी जाऊ घराचा आधार झाली असेल तर तिच्या बाबतीत असे काही घडले का, हे आठवून पाहा. ज्या अधिकारासाठी ती भांडत होती तो तिला मिळाला असेल आणि तो मिळाल्यावर त्याचे ओझेही तिच्यावर पडले असेल, तर तिचा बदल मला पटण्यासारखा वाटतो. कोणतीही जागा न बदलता, कोणतीही किंमत न मोजता ती अचानक प्रेमळ झाली असेल, तर ती अभिनेत्रीच्या लोकप्रियतेची सोय आहे.

नायिकेचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे, आणि तुम्हाला आलेला राग मला रास्त वाटतो. दैनंदिन मालिकेत घटना घडवण्याचे काम बहुतेक वेळा खलपात्राकडे असते. नायिकेने नीट विचार करून एक प्रश्न विचारला, एक कागद तपासला किंवा नवऱ्याला बाजूला घेऊन दोन वाक्ये बोलली, तर तीन महिन्यांचा ट्रॅक त्याच दिवशी संपेल. म्हणून तिला थांबवावे लागते. थांबवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात तिच्यापर्यंत माहिती पोहोचू दिली जात नाही: कागद तिच्या हाती पडण्याआधी गहाळ होतो, साक्षीदार बोलायला तयार होत नाही, किंवा खरे बोलल्याने तिसऱ्याच कोणाचे वाटोळे होणार असते. दुसऱ्यात माहिती समोर असूनही तिला बुद्धी वापरू दिली जात नाही. पहिला मार्ग कष्टाचा आहे, कारण प्रत्येक आठवड्याला नवा अडथळा शोधावा लागतो आणि तो आधीच्यापेक्षा पटणारा असावा लागतो. दुसरा सोपा आहे, आणि भाग वेळेत चित्रीकरणाला द्यायचे असतात तेव्हा तो फार मोह घालतो. त्याचा परिणाम एका दिवसात दिसत नाही. प्रत्येक ट्रॅकमध्ये नायिका थोडी थोडी गप्प केली जाते आणि वर्षभरानंतर मागे वळून पाहिले तर कोणाचेही ऐकून न घेणारी मुलगी मान खाली घालणारी झालेली असते. हा बदल कोणी ठरवून केलेला नसतो. तो साचत जातो. मी याला विकास म्हणणार नाही, कारण तिच्या आयुष्यातल्या कोणत्याही घटनेने तिला तसे केलेले नसते.

खमकी व्यक्ती गप्प होऊ शकते, आणि तो फार ताकदीचा प्रवास होऊ शकतो, हेही सांगायला हवे. तिच्या बोलण्यामुळे कधी कोणाचे भरून न येणारे नुकसान झाले असेल, तर तिचे नंतरचे मौन हे तिच्या जुन्या धीटपणाचेच फळ ठरते. फक्त ते मौन तिला जड जाताना दिसले पाहिजे. ती बोलायला तोंड उघडते आणि थांबते, एवढे एक पाऊल जरी पटकथेत लिहिले, तरी ती बदललेली नाही, तिने स्वतःला आवरले आहे, हे प्रेक्षकाला कळते.

तेव्हा तुमच्या मालिकेचे येणारे काही आठवडे पाहताना एवढे तपासा. नायिका गप्प राहते तेव्हा तिला सत्य माहीत असते का, आणि असल्यास ते न बोलण्याचे कारण तिच्यापाशी आहे का. ती एकटी असताना तिच्या चेहऱ्यावर, तिच्या हातांच्या कामात जुनी मुलगी कुठे डोकावते का. तिच्या माणसांपैकी कोणी तिला ‘तू अशी नव्हतीस’ असे म्हणते का, आणि म्हणाले तर त्या वाक्याचा पुढच्या भागांत काही परिणाम होतो का. शेवटची खूण मी सगळ्यात भरवशाची मानते. इतर पात्रांच्या लक्षात तिचा बदल आला असेल तर लेखकांच्याही तो लक्षात आहे, आणि त्यातून पुढे काहीतरी घडवण्याचा त्यांचा विचार असण्याची शक्यता मोठी आहे. घरात कोणालाच फरक जाणवत नसेल, तर तो लेखकांच्या टेबलावरही कोणाला जाणवलेला नाही असे समजायला हरकत नाही. तसे असेल तर वाहिनीला जरूर लिहा, आणि लिहिताना केवळ नायिका आवडेनाशी झाली असे न लिहिता ती पहिल्या वर्षी कोणत्या प्रसंगात कशी वागली होती आणि आता तशाच प्रसंगात कशी वागते हे नेमके लिहा. कोणत्या प्रसंगाशी कोणता प्रसंग जुळत नाही हे समोर असले की लेखकाला ते पात्र सावरता येते.